घर जाहीर, नाव गुप्त

लग्नाआधी आई झालेल्या मुलीवर नाटक करायचं म्हटलं, की पारनेरात पहिलं उत्तर ठरलेलं असतं. 'असले विषय चव्हाट्यावर आणू नयेत, मुलींच्या डोक्यात नको ते भरतं.' हे म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांच्या घरात वाढत्या मुली असतात आणि काळजी खरी असते. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालायचा, तर तो नीट घातला पाहिजे.

1951 साली लंडनच्या रंगभूमीवर सिल्व्हिया रेमन या नवख्या लेखिकेचं 'विमेन ऑफ ट्वायलाइट' आलं. त्यातली पात्रं सगळ्या बायका. नवरा नाही म्हणून कुणी खोली द्यायला तयार नाही, अशा आया तान्ही मुलं घेऊन एका बाईच्या घरात दाटीवाटीनं राहतात. मालकीण खोलीचं भाडं घेते, मुलं सांभाळायचे पैसे घेते, आणि मुलांची मात्र आबाळ होते. फ्रेडा जॅक्सन यांनी ही मालकीण पुढे पडद्यावर उभी केली. 1952 च्या चित्रपटाला 'एक्स' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सोळा वर्षांखालच्यांना बंदी. ज्या वयाच्या मुलीला अशा घरांपासून सावध करायला हवं, तिलाच दाराबाहेर ठेवलं गेलं.

या नाटकात मोहात पाडणारं काय आहे? ओल्या खोल्या, रडणारी मुलं आणि दर आठवड्याला पैसे मोजणाऱ्या बायका. यात्रेतल्या तमाशाच्या वगात चोरटं प्रेम रंगतं, ते आपण रात्रभर बसून बघतो आणि त्यानं गाव बिघडलं असं कुणी म्हणत नाही. मग प्रेमाची किंमत एकट्या बाईनं कशी मोजली, हे दाखवलं की गाव कसं बिघडतं? चोरट्या प्रेमाचं आकर्षण आपल्याला चालतं, त्याचा हिशेब तेवढा नको असतो.

दुसरा आक्षेप असा, की हे विलायतेतलं दुखणं आहे, आपल्याकडे असं नव्हतं. हे साफ खोटं आहे. लंडनच्या त्या नाटकाच्या सत्तर वर्षं आधी, 1881 मध्ये, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांवर जे तोंडसुख घेतलं गेलं, त्याला उत्तर म्हणून 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्याच्याही आधी, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. 1884 च्या टिपणात जोतीरावांनी त्या घराचा हिशेब दिला आहे. तोवर 35 विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. जगली फक्त 5 मुलं. बाकीची का दगावली, त्याचं कारणही ते देतात: पोट पाडण्यासाठी आयांनी आधी घेतलेली विषारी औषधं.

ती औषधं कुणीतरी त्या बायकांना दिलीच असतील. फुल्यांच्या दारात पोचायच्या आधी त्या भलत्याच कुणाच्या हाती लागल्या होत्या.

इथेच मला माझं म्हणणं मांडायचं आहे. 'गुप्तता' म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. फुल्यांनीही गुप्तता पाळली. विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, अशा जाहिराती त्यांनी लावल्या. घर जाहीर होतं, नाव गुप्त होतं, आणि ते नाव राखण्याबद्दल बाईकडून काही मागितलं जात नव्हतं. रेमनच्या मालकिणीकडे सगळं उलटं आहे. तिच्या घरात काय चालतं हे बाहेर कुणाला कळत नाही, आणि आत आलेल्या प्रत्येकीची लाज तिच्या मुठीत असते. ती मूठ हेच तिचं भांडवल. बाईला दुसरीकडे जायला जागा नाही हे ठाऊक असल्यामुळेच ती भाडं वाढवू शकते. आणि ही जागा बंद कोण करतं? 'बभ्रा नको' म्हणणारे आपण. आपल्या मौनावर मालकीण जगते.

मराठी रंगभूमीनं या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. 1967 मध्ये तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे उभी राहिली. ते नाटक घडतं खेड्यातल्या एका सभागृहात, हे आपण विसरतो. शहरातली सभ्य मंडळी तिथे खटल्याचा खेळ मांडतात आणि अविवाहित, गर्भार शिक्षिकेला खरोखरच आरोपी करतात. ज्याचं मूल तो प्राध्यापक दामले आलेलाच नसतो. रेमनच्या नाटकातही मुलांचे बाप रंगमंचावर येत नाहीत. दोन देशांतल्या दोन लेखकांनी ती जागा रिकामी ठेवली, कारण प्रत्यक्षातही ती रिकामीच असते.

'आता काळ बदलला, कायदे झाले,' हा तिसरा आक्षेप. कायदे झाले हे खरं आहे, आणि ते चांगले आहेत. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मागताना बापाचं नाव उघड करायची सक्ती नाही. 2022 मध्ये त्याच न्यायालयानं गर्भपाताच्या कायद्यात अविवाहित स्त्रीला वेगळं काढता येणार नाही असा निर्णय दिला. मूल वाढवणं शक्य नसेल तर बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येतं, आणि मन बदललं तर त्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. नगरच्या 'स्नेहालया'चं 'स्नेहांकुर' अशा आया आणि बाळांसाठीच काम करतं. पण यातलं किती वाडीवस्तीवरच्या घाबरलेल्या मुलीपर्यंत पोचतं? यवतमाळच्या झरी जामणी भागात कोलाम मुलींना फसवून माणसं निघून गेली, 'कुमारी माता' हा शब्द सरकारी कागदांत रुळला, तेव्हाही कायदे होतेच.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. गाव लहान असतं, आणि अशा नाटकानंतर बघणाऱ्यांच्या नजरा एखाद्या ठरावीक घराकडे वळतात. ही भीती रास्त आहे. म्हणून गावातली घडलेली गोष्ट नाटकात घेऊ नये, तिचं नाव-गाव बदलूनसुद्धा घेऊ नये. रेमनचं करावं, तेंडुलकरांचं करावं. परकी मालकीण आणि परकी बेणारे बघताना कुणा शेजारणीचं नाव ओठांवर यायचं कारण उरत नाही, आणि प्रत्येकाला आपलं वागणं तपासता येतं.

तेव्हा सेनापती बापटांच्या या पारनेरात असं नाटक व्हावं. दुपारचा एक प्रयोग फक्त बायका आणि कॉलेजच्या मुलींसाठी ठेवावा, रात्रीचा पुरुषांसाठी, आणि रात्रीच्या प्रयोगाला बापांनी मुलांना सोबत आणावं. फलक बसस्थानकावर लावावेत, सुप्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर लावावेत, कारण तिथे बाहेरगावाहून आलेल्या मुली कामाला असतात. नाटकाच्या नावाच्या खाली तितक्याच मोठ्या आकड्यांत महिलांसाठीचा 181 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन क्रमांक छापावेत.