गांधारपालेच्या पोढ्या आणि चवदार तळे

दरवर्षी २० मार्चला आम्ही मोठ्या संख्येने महाडला जातो. चवदार तळ्याला अभिवादन करतो, भाषणे ऐकतो आणि परततो. पण तळ्यापासून अवघ्या तीनेक किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत गांधारपालेचा डोंगर आहे. तिकडे आमच्यापैकी किती जण वळतात?

त्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. एका लेण्यात तथागतांचे शिल्प असून त्याखाली धम्मचक्र आणि हरणे कोरली आहेत. लेण्यात धम्मचक्र असणारच. खरा विचार करायला लावतो तो ब्राह्मी शिलालेख. कुमार काणभोअ वेण्हुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दान दिल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पोढ्या दिल्या, वाटही दिली, अशी त्यात नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कोकणात पाणी देणे हे धम्मदान होते, याचा हा दगडी पुरावा!

हे पाणी कोणासाठी? भिक्खू संघासाठी. ज्या संघात न्हावी उपाली आणि भंगी सुनीत सन्मानाने बसले, त्या संघासाठी. राजपुरी खाडीजवळच्या कुडा लेण्यांतले दातेही पाहा. तिथे माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. राजाच्या बरोबरीने माळ्याचे नाव दगडावर कोरले गेले.

त्याच महाडमध्ये १९२४ साली नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तर आमच्या माणसांची डोकी फोडली गेली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

डोंगरात पाण्याचे दान आणि पायथ्याच्या गावात पाण्याची बंदी! या दोहोंच्या मध्ये काय घडले, हाच आमच्या इतिहासाचा प्रश्न आहे. लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असे सांगणाऱ्या कथा तो प्रश्नच पुसून टाकतात. दाते पुसले की दानही पुसले जाते.

म्हणून बांधवांनो, येत्या २० मार्चला तळ्यावरून थेट गाडी गाठू नका. मुलाबाळांना घेऊन गांधारपाले चढा. त्यांना धम्मचक्र दाखवा आणि पाण्याचे टाकेही दाखवा. भिंतीवर स्वतःची नावे खरडू नका. तिथे आधीच कोरलेली नावे वाचायला शिका. ती वाचता आली, तर कोणा कथेकऱ्याची गरज उरणार नाही.