कुप्याची कोशिंबीर

सध्या मुक्काम रसमडा. हावडा-मुंबई मार्गावर दुर्ग सोडले की राजनांदगावच्या दिशेने लागणारे छोटे स्टेशन. आजूबाजूला लोखंडाचे कारखाने, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. अशा ठिकाणी बसून मी टूना सॅलडची वकिली करणार आहे, तेव्हा कोकणातल्या मंडळींनी आधीच हसून घ्यावे.

टूना म्हणजे आपला कुपा. आणि मासा कुस्करून कांद्यात कालवणे ही काही साहेबाची देणगी नव्हे. मालवण-गोव्याकडे सुक्या मासळीची किसमूर पिढ्यान्‌पिढ्या होते. सॅलड म्हटले की आपल्याला ते डाएटवाल्यांचे, आजाऱ्याचे खाणे वाटते. कोशिंबीर म्हणा, लगेच घरचे होईल.

हे लिहायचे कारण आमची जमात. एनडीएत कॅडेट असताना कितीही खाल्ले तरी संध्याकाळपर्यंत जिरायचे. चाळिशीत तसे होत नाही. वार्षिक मेडिकलला वजनकाटा बोलतो, शेप-वन जायची वेळ येते, मग महिनाभर उपाशी राहून धावायचे. निवृत्त सरांचे तर आणखी अवघड: सकाळची पीटी सुटते, पीटीनंतरची भूक काही सुटत नाही. मग बीपी, साखर, आणि मिलिटरी हॉस्पिटलची रांग.

यात कुप्याचा दोष नाही. पाण्यातल्या डब्यातला 100 ग्रॅम टूना घेतला तर प्रथिने 20 ग्रॅमच्या वर आणि चरबी जेमतेम एखादा ग्रॅम. घात करते ते मेयोनीज. ते बहुतांश तेलच. एका मोठ्या चमच्यात सुमारे 10 ग्रॅम चरबी. मेसमध्ये असे चार चमचे सहज पडतात आणि वर आपण समाधानाने म्हणतो, आज फक्त सॅलड घेतले.

त्यापेक्षा चक्का वापरा. अर्ध्या लिटर डबल टोन्ड दुधात स्निग्धांश साधारण साडेसात ग्रॅम. त्याचे दही रात्री पंचात बांधून टांगले की सकाळी घट्ट चक्का तयार. त्यातला चार चमचे घेतला तर दोनेक ग्रॅम चरबी पोटात जाते. श्रीखंडाचा मोह आवरावा, एवढीच अट.

डबा घेताना तेलातला की पाण्यातला हे वाचून घ्या. भिलाईत दोन्ही एकाच फळीवर दिसले. मासा चाळणीत चांगला निथळवा, नाहीतर सगळे पाणचट होते. बारीक कांदा, काकडी, बिया काढलेला टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड, लिंबू आणि चिमूटभर मोहरीपूड चक्क्यात फेटून. मोहरी सोडू नका, मेयोनीजची आठवण तीच घालवते. मीठ सर्वांत शेवटी आणि चाखूनच, कारण डब्यातले पाणी बहुधा खारेच असते. बीपीवाल्यांनी मासा एकदा साध्या पाण्याने धुवावा.

डबा महाग वाटला तर इथल्या बाजारातला रोहू वाफवून घ्या. चवीला चालतो, काटे काढताना मात्र संयम लागतो, आणि ते काम पाहुण्यांवर सोपवता येत नाही.

रोज खाऊ नका. मोठ्या जातीच्या टूनात पारा जास्त असतो, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. सोबत ज्वारीची भाकरी घ्या. ब्रेडला बटर लावायचे असेल तर चक्का टांगायचे कष्ट कशाला?