निर्लेखनाआधी एकदा बायोस बघा

शाळेतला जुना संगणक कोपऱ्यात गेला की पुढे निर्लेखनच. माझं म्हणणं, आधी एफ२ किंवा डिलीट दाबून बायोस उघडा. तारीख सारखी मागे जात असेल तर बहुतेक मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तेवढा बदला. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, म्हणून मशीन भंगार होत नाही. बूट क्रमात पेनड्राइव्ह वर घ्या आणि लुबुंटू इन्स्टॉल न करताच चालवून बघा. (बायोसला पासवर्ड मात्र टाकू नका, विसरलात की पंचाईत!) केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकवतायत. आमच्या कोरेगावात पालक विचारतात, “विंडोज नाही, मग पोरं शिकणार काय?” अहो, चौथीतल्या पोराला टायपिंग, चित्रं आणि जीकॉम्प्रीमधली गणितंच तर करायची असतात!