टारबॉलवर सही करा, आलेली सही तपासा

पुण्यात सोर्स कोडशी काहीच संबंध नसलेलं घर शोधावं लागेल. कोणाचा मुलगा हिंजवडीला कामाला असतो, कोणाच्या मुलीचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालू असतो, तर कोणी सोसायटीच्या हिशेबासाठी ओळखीच्या पोराकडून सॉफ्टवेअर लिहून घेतलेलं असतं. या सगळ्यांना एक विनंती आहे. कोडची टार फाइल (टारबॉल) किंवा झिप फाइल कोणाला देणार असाल तर तिच्यावर सही करून द्या, आणि कोणाकडून घेणार असाल तर सही तपासल्याशिवाय ती उघडू नका.

डिजिटल सही आता खेड्यापाड्यांतही माहीत झाली आहे ती सातबाऱ्यामुळे. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय इथेच, पुण्यात आहे. पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो. त्यातला एक आकडा जरी कोणी बदलला तरी सही जुळत नाही. पण जुळत नाही हे कळायला कोणीतरी पडताळून पाहावं लागतं, आणि इथेच आपलं घोडं अडतं. सरकारी पीडीएफवर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसत असतानाही आपण ती खुशाल छापून घेतो आणि समोरचाही ती खुशाल फायलीला लावतो. कोडच्या बाबतीत ही सवय महागात पडते, कारण कोड वाचून बाजूला ठेवायचा नसतो, चालवायचा असतो.

‘साइटच्या पत्त्याआधी कुलूप दिसतंय, मग भीती कसली?’ असं बरेच जण म्हणतात. त्या कुलपाने एवढंच कळतं की फाइल वाटेत कोणी बदलली नाही. सर्व्हरवरच कोणी घुसून ती बदलली असेल तर कुलूप काय करणार? ऑगस्ट २०११मध्ये लिनक्स कर्नलच्या मुख्य सर्व्हरवरच घुसखोरी उघडकीला आली होती. फाइलीशेजारी चेकसम, म्हणजे फाइलीवरून काढलेला आकडा, लिहिलेला असतो, त्याचाही भरवसा नको. फाइल बदलू शकणारा माणूस शेजारचा आकडाही बदलू शकतो.

शिवाय साइट कायम राहत नाहीत. आपल्याच गावचं उदाहरण आहे. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांखालून लोहित फाँट हमखास गेलेला असतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले हे फाँट रेड हॅटने २००४मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले, आणि पुढे त्यांची देखभाल रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी केली. त्यांचा सोर्स फेडोरा होस्टेडवर असे. ती सेवा २०१७मध्ये बंद झाली आणि लोहितचा मुक्काम पगुरवर हलला. दरम्यान जुन्या टार फाइलींच्या प्रती जगभरच्या मिरर सर्व्हरांवर पसरलेल्या असतात. अशी एखादी प्रत हाती आली आणि मूळ पत्ता बंद असला, तर ती अस्सल आहे हे पत्ता सांगणार नाही. सहीची छोटी फाइल सोबत असेल तर ती मात्र सांगेल.

आता अवघड भाग. सही असूनही घात होऊ शकतो. २९ मार्च २०२४ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरने जगाला कळवलं की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात चोरदरवाजा आहे. एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो खोदत गेला होता. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या बाधित होत्या. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानदारीत काम करून प्रकल्पात जागा मिळवली होती, आणि त्या टारबॉलवर सही होती ती त्याचीच. घातक कोडचा काही भाग चाचणीच्या फाइलींत लपवून गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातल्या रिपॉझिटरीत ठेवला होता. पण तो जागा करणारी फाइल गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये होती. लोक गिटमधला कोड वाचत होते आणि डेबियन, फेडोरासारखी वितरणं टारबॉलमधला कोड बांधत होती.

म्हणून टारबॉल स्वतःच्या मशीनवरच्या फोल्डरमधून बनवू नका. आधी गिटमध्ये त्या आवृत्तीचा सही केलेला टॅग लावा. मग गिटच्या ‘आर्काइव्ह’ या आज्ञेने थेट त्या टॅगवरून टार बनवा. त्यात हाताने एकही फाइल घालू नका. ‘कॉन्फिगर’सारख्या यंत्राने तयार होणाऱ्या फाइली द्यायच्याच असतील तर वेगळ्या द्या आणि तसं स्पष्ट लिहा. असं केलंत की कोणीही तुमचा टॅग घेऊन तीच टार घरी बनवू शकतो आणि तुमच्या फाइलीशी ताडून पाहू शकतो.

सही टारवर करा, दाबलेल्या जीझेडवर नको. दाबण्याचं साधन बदललं की आतला कोड तोच राहून बाहेरची फाइल बदलते. गिटने जीझिपची पद्धत बदलली आणि जानेवारी २०२३मध्ये ती गिटहबवर लागू झाली, तेव्हा आपोआप बनणाऱ्या टारबॉलचे चेकसम बदलले आणि जगभर बिल्ड कोसळले. गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. कर्नलवाले आधीपासूनच न दाबलेल्या टारवर सही करतात. काही जण ती सही गिटच्याच नोट्समध्ये ठेवतात. ही सोय मला फार आवडते, कारण कोडबरोबर सहीही फिरत राहते.

तपासताना ‘गुड सिग्नेचर’ ही अक्षरं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. सही ज्या कीने (डिजिटल किल्लीने) होते, ती कोणाच्याही नावाने बनवता येते. सही करणारं आणि तपासणारं जीपीजी हे साधन त्याखाली ‘ही सही त्या मालकाचीच आहे याची खात्री नाही’ अशी सूचना उगाच छापत नाही. कीचा चाळीस अक्षरी फिंगरप्रिंट दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून जुळवा. लेखक पुण्यातलाच असेल तर त्याला प्रत्यक्ष भेटा, चहा प्या, फिंगरप्रिंट कागदावर लिहून घ्या. आणि स्वतःची की बिल्ड सर्व्हरवर ठेवू नका. २००८मध्ये रेड हॅटच्या सर्व्हरवर घुसलेल्याने ओपनएसएसएचच्या काही पॅकेजांवर कंपनीचीच सही करून घेतली होती. जीपीजी बनवून देतं ते रद्द-प्रमाणपत्र पेन ड्राइव्हवर घालून घरच्या कागदपत्रांत ठेवा. जीपीजीचा कंटाळा असेल तर २०२१च्या २.३४ आवृत्तीपासून गिटला एसएसएचची कीही चालते.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि छोट्या दुकानदारांनी हे सगळं शिकायची गरज नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी सही केलेला टॅग, त्यावरून काढलेली टार आणि सहीची फाइल एवढं मागा, आणि फिंगरप्रिंट करारात लिहून घ्या. पुढे ‘मी दिलेला कोड हा नव्हेच’ असा वाद निघाला तर कोणती फाइल दिली होती ते दाखवता येईल. मात्र ही सही आयटी कायद्यातल्या परवानाधारक संस्थेच्या डिजिटल सहीची जागा घेत नाही. त्यामुळे करारावरची सही नेहमीसारखी करून घ्याच.