गिरणीच्या गावातली शाळा

या महिन्यात आम्ही वाचकांना थोडे दूर, स्कॉटलंडला नेत आहोत. ग्लासगोच्या आग्नेयेला क्लाइड नदीच्या खोल दरीत न्यू लॅनार्क हे सूतगिरणीचे गाव आहे. डेव्हिड डेल या व्यापाऱ्याने १७८५ साली ते वसवायला घेतले. १९६८ साली गिरण्या बंद पडल्या. २००१ पासून गावाचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गाईडबरोबर पायी हिंडून ते पाहता येते, तसेच आम्ही पाहिले.

उतार उतरून गेलो की नदीकाठी उंच दगडी गिरण्या दिसतात. पूर्वी यंत्रे याच नदीच्या पाण्यावर फिरत. वरच्या अंगाला कामगारांच्या घरांच्या ओळी आहेत. त्या काळी एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे.

डेलच्या वेळी इथे अनाथ आणि गरीब घरांतून आणलेली सुमारे पाचशे मुले होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम, आणि त्यानंतर शाळा! डेल दयाळू मालक होता. मुलांना पोटभर जेवण आणि स्वच्छ कपडे मिळत. पण दिवसभर राबून पेंगणाऱ्या मुलाच्या डोक्यात अक्षर कसे शिरणार?

१८०० साली कारभार हाती घेतलेल्या त्याच्या जावयाने, रॉबर्ट ओवेनने, हे ओळखले. दहा वर्षांखालील मुलांना गिरणीत घेणे त्याने बंद केले. १ जानेवारी १८१६ रोजी त्याने शिक्षणाची नवी इमारत उघडली. नुकती चालू लागलेली मुलेही तिथे येत. भिंतींवर नकाशे आणि प्राण्यांची चित्रे असत. मुलांना मारायचे नाही, असा नियम होता. संध्याकाळी मोठ्यांचे वर्ग भरत.

पैसा कुठून आला? गावातले दुकान दाखवताना याचे उत्तर मिळते. ओवेन घाऊक माल आणून तो रास्त भावात विकत असे आणि नफा शाळेकडे वळवत असे. हा खर्च भागीदारांना पटेना, तेव्हा त्याने पाच टक्के परताव्यावर समाधान मानणारे नवे भागीदार शोधले. मुले शाळेत गेली म्हणून गिरणी बुडाली नाही, ती नफ्यातच राहिली.

सारेच चांगले होते असे नाही. मोठ्यांना रोज पावणेअकरा तास काम होते. प्रत्येकाच्या यंत्राजवळ चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगलेला असे. काळा रंग म्हणजे वाईट काम, पांढरा म्हणजे उत्तम. आदल्या दिवशीचा शेरा सर्वांना दिसे. आणि गिरणीतला पुष्कळसा कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या कष्टाचा होता.

आमच्या कितीतरी वाचकांची चूल मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर पेटते. म्हणून हे गाव आम्हाला परके वाटले नाही. चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीला ठेवण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. पण घरात हात कमी पडले की शाळेतून आलेल्या मुलाला कांड्या भरायला बसवले जाते. अम्मी-अब्बांची ओढाताण आम्ही जाणतो. तरी एवढे जरूर पाहा, की रात्री तो दप्तर उघडतो तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात का? नसतील, तर त्याचे नाव शाळेच्या पटावर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच्या वाटणीचे काम दुसऱ्या कोणाकडे देता येईल, हे आजच घरात बसून ठरवा.