उंबरठ्यावरची निसीहि

जालन्यातील जैन कुटुंबांना वेरूळ कधीच परके नव्हते. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत तर दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात होती. तरीही पूर्वी या प्रवासासाठी आदल्या रात्रीपासून तयारी होई. पहाटेची एस.टी., सोबत दशम्यांचा डबा, गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची चिंता. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि ही वाट आणखी सोपी झाली. गुडघेदुखीमुळे घरीच राहणाऱ्या आजीलाही आता दर्शन घडते. ही जमेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे.

खर्चाची बाजू मात्र सहज नजरेस पडत नाही. एकाच दिवसात दौलताबाद, घृष्णेश्वर, कैलास लेणे आणि बीबी का मकबरा उरकायचा असतो. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी ३० ते ३४ ही जैन लेणी अगदी उत्तर टोकाला आहेत. साहजिकच त्यांच्या वाट्याला दिवसाची उरलीसुरली वीस मिनिटे येतात. इंद्रसभेत पाऊल ठेवताच मोबाईल वर होतो. छायाचित्र निघते, दर्शन राहून जाते.

या लेण्यांत पार्श्वनाथ आणि बाहुबली यांच्या मूर्ती अनेकदा समोरासमोर कोरलेल्या आढळतात. एकीकडे कमठाच्या उपसर्गातही अविचल राहिलेले प्रभू, दुसरीकडे अंगावर वेली चढल्या तरी कायोत्सर्गातून न ढळलेले बाहुबली. वर्षभर स्थिर उभ्या राहिलेल्या तपस्व्यापुढे यात्रेकरूला एक मिनिटही स्थिर उभे राहवत नाही, यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

दोष केवळ ‘बाहेरच्या’ गर्दीला देऊन भागत नाही. प्रत्येक कुटुंबाला इतर लोक गर्दी वाटतात आणि त्या इतरांच्या लेखी तेच कुटुंब गर्दी असते. शिवाय गर्दीचा भार दगडालाही सोसावा लागतो. इंद्रसभेच्या छतावर प्राचीन रंगकामाचे अवशेष आजही आहेत. श्वासातील आर्द्रता आणि हातांचा स्पर्श अशा रंगांचे वैरी ठरतात. फ्रान्समधील लास्को गुहा अभ्यागतांच्या श्वासोच्छ्वासाने चित्रे बिघडू लागल्यामुळे १९६३ साली लोकांसाठी बंदच करावी लागली.

लेण्यांच्या वर, डोंगरावर पार्श्वनाथांचे मंदिर आहे. तेथील मूर्तीच्या शिलालेखात शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ असा काळ नोंदलेला आहे. दानशूर चक्रेश्वराने ती करविली. आपले कर्म क्षीण व्हावे हा हेतूही त्यात नोंदलेला आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वीच्या एका श्रावकाची ही ठेव आहे. व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको की व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये. दर्शनाचे समाधान हे व्याज. मूर्ती, रंग आणि तेथील शांतता हे मुद्दल.

उपाय परंपरेतच आहे. मंदिराच्या उंबरठ्यावर ‘निसीहि’ म्हणून संसाराचे व्यवहार बाहेर ठेवण्याची रीत आहे. आज त्या व्यवहारांत मोबाईलही मोडतो. लेणी संरक्षित स्मारक असल्याने तेथे गंध-अक्षतांची द्रव्यपूजा करता येत नाही. भावपूजेला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, लागते ती सवड. चालताना जिवाला इजा होऊ नये म्हणून सांगितलेली ईर्यासमिती पायांची घाई आपोआप कमी करते.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. इतर एखाद्या कामकाजाच्या दिवशी पहाटे निघावे, प्रारंभ डोंगरावरील पार्श्वनाथांपासून करावा, मग जैन लेणी पाहावीत आणि कैलास शेवटी ठेवावा. मुलांना दहा मूर्ती दाखवण्याऐवजी एकाच मूर्तीपुढे दहा मिनिटे बसवावे. परतताना मोबाईलमध्ये छायाचित्रे कमी असतील. पण आजीने विचारले, ‘काय पाहिलेस?’ तर नातवाकडे सांगण्यासारखे काही असेल.