करून पाहू या : गाडीची चंदेरी टोपी

वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला काय सांगायचं! २०२४च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा अकोला जिल्ह्यात ३१ मेपर्यंत जमावबंदी लावावी लागली. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो. मग उन्हात उभ्या गाडीचं काय?

ऊन काचेतून सहज आत येतं, सीट नि स्टिअरिंग तापवतं. ती उष्णता मात्र आतच अडकते. म्हणून ऊन काचेपाशीच परतवायचं.

समोरच्या काचेवर वर्तमानपत्र धरून माप काढा. त्या मापाचा खोक्याचा पुठ्ठा मोठ्यांकडून कापून घ्या. त्याला पंख्यासारख्या घड्या पाडा. एका बाजूला पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल खळीने चिकटवा, कडांना चिकटपट्टी लावा. चंदेरी बाजू काचेकडे करून पुठ्ठा आतून लावा. गाडी सुरू करण्याआधी तो काढायचाच हं!

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. यानं स्टिअरिंगचा चटका कमी होतो, बंद गाडी थंड होत नाही. काच थोडी उघडी असली, तरी धाकट्या भावंडाला ‘दोनच मिनिटं’ म्हणून आत ठेवायचं नाही. आईबाबा घाईत असले, तर तुम्ही आठवण करून द्या!